डावीकडचं पाखरू

"तोंड एकीकडे, जायचं दुसरीकडे! मागच्यानं समजायचं तरी काय?"

मास्तर बुटाला पॉलिश करता करता स्वतःशीच पुटपुटत होते. दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर, दिवेबाई आरशासमोर केसांना पिना लावत उभ्या होत्या. नवऱ्याचं पुटपुटणं त्यांना नवीन नव्हतं. मास्तरांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणारा माणूस घरी आल्यावर भांडत नाही, पुटपुटतो, हे त्या संसाराच्या सुरुवातीलाच शिकल्या होत्या.

"कोण हो?" त्यांनी दातात पिन धरून विचारलं.

मास्तरांचा ब्रश हवेत थांबला. "आहे एक. शिकाऊ."

"मग नुसते चिडू नका. नवशिक्याला जपून सांगावं लागतं."

"तेच तर," मास्तर बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाले. "जपून कसं सांगायचं ते सुचत नाही, म्हणून गप्प आहे."

आता हा शिकाऊ कोण, हे वाचणाऱ्यांपासून लपवण्यात अर्थ नाही. ते एक पाखरू होतं. फाटकाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या अंगाला, डावीकडे, ते बसलं होतं; आणि त्याला तिथे बसवणाऱ्या खुद्द दिवेबाई होत्या.

गाड्यांचे दिवे तयार करणाऱ्या कारखान्यात त्या दिव्यांचे आकार ठरवायच्या, म्हणून सगळे त्यांना दिवेबाई म्हणत. इतकी वर्षं त्यांच्या वाट्याला आले ते सगळे आतले दिवे. डिकी उघडली की लागणारा. पुढच्या कप्प्यातला. दार उघडल्यावर पायाशी उजेड पाडणारा. रस्त्यानं गाडी चालली असताना 'तो बघा माझा दिवा!' असं कुणाला दाखवायची सोय नव्हती. त्यासाठी आधी परक्या माणसाला गाडी थांबवून डिकी उघडायला लावावी लागली असती. आणि आता पहिल्यांदाच त्यांना बाहेरचा दिवा मिळाला होता. मागचा सिग्नल! सगळ्या जगाला दिसणारा! ज्या कंपनीच्या नव्या गाडीला तो बसायचा होता, तिच्या मोठ्या मॅडम येऊन एकदा बघणार होत्या. त्या 'हो' म्हणाल्या की झालं. 'नाही' म्हणाल्या, तर पुन्हा डिकी.

दिवेबाईंनी त्यात जीव ओतला होता. दोन गोल तबकड्या, एका मापाच्या. प्रत्येकीत केशरी उजेडाचं एकेक पाखरू. मान पुढे, चोच टोकदार, पंख मागे मुडपलेले. डावं पाखरू उजवीकडे बघायचं, उजवं डावीकडे. गाडीच्या दोन टोकांना बसून दोघं एकमेकांना 'आलीस?' 'आले' म्हणताहेत असं वाटायचं.

कारखान्यात दिवे बघायची एक रीत होती, आणि ती साहेबांनी पाडलेली होती. काळ्या पडद्यांची खोली, मिट्ट अंधार, आणि दोन्ही दिवे एकाच बटणावर. वायरमननं एकदा विचारलं होतं, "साहेब, दोन बटणं करू का? एकेक लावून बघता येईल."

"जोडी फोडायची नाही," साहेब म्हणाले होते. "जोडीतच खरं सौंदर्य असतं." साहेब स्वतः बिनलग्नाचे होते.

तर त्या खोलीत बटण दाबलं, काळोखात दोन पाखरं उमटली, चोचीसमोर चोच धरून लुकलुकली, आणि साहेब चष्मा पुसत म्हणाले, "दिवेबाई, हा दिवा नाही हो, ही भेट आहे!" तपासणीवाल्यांनी रंग तपासला, उजेड मोजला, लुकलुकण्याचा वेग पाहिला. पाखरानं कुठे बघावं याबद्दल त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते त्यांनी पाहिलं नाही.

गंमत अशी, की रस्त्यावर सिग्नल जोडीनं लागत नाही. डावीकडे वळायचं तर डावा एकटाच लागतो. आणि डावं पाखरू एकटं लागलं, की ते आपल्या जोडीदाराच्या दिशेला, म्हणजे उजवीकडे, चोच रोखून बसतं. मागून येणाऱ्याला ती चोच म्हणजे सरळसरळ बाण. तो समजतो, गाडी उजवीकडे चालली. गाडी जाते डावीकडे.

हे चालवणाऱ्याला कसं कळणार? गाडीला इतके दिवे असतात, पण मागचा सिग्नल हा असा दिवा आहे, की तो ज्याचा त्याला कधी दिसत नाही. बाकी सगळ्यांना दिसतो.

सगळ्यात आधी तो मास्तरांना दिसला. ही पांढरी गाडी रस्त्यावर रुळावी म्हणून दिवेबाई काही दिवस ती घरी आणत होत्या. पहिल्याच संध्याकाळी मास्तर त्यांच्या मागून आपली शिकवणीची गाडी घेऊन येत होते. पाखरानं उजवीकडे बघितलं, मास्तरांनी डावीकडून पुढे काढायला गाडी घातली, आणि दिवेबाई डावीकडे वळल्या. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या. मास्तरांनी त्या संध्याकाळी दोन्हीवर पाय ठेवायचा प्रयत्न केला.

घरी येऊन त्यांनी तोंड उघडलं होतं. पण समोर दिवेबाई अशा काही उजळलेल्या चेहऱ्यानं उभ्या होत्या, "अहो, दिसलं का? मागून कसं दिसलं?" की त्यांचं उघडलेलं तोंड 'छान' म्हणून मिटलं. त्याला कारण होतं. पुढच्या कप्प्यातला दिवा जेव्हा झाला, तेव्हा मास्तर मोकळेपणानं म्हणाले होते, 'फ्रीज उघडल्यासारखं वाटतं.' त्यानंतर बरेच दिवस घरात भाजीला मीठ बरोबर असूनही जेवण अळणी लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना दिसला. सुनेला टाटा करायला त्या फाटकाशी उभ्या होत्या. पाखरू उजवीकडे बघत राहिलं आणि गाडी डावीकडे गेली. सासूबाईंचा हलणारा हात तसाच वर राहिला. सुनेच्या दिव्याचं त्यांनी आख्ख्या इमारतीत कौतुक सांगून ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना तर दोनदा. त्या घरात आल्या आणि मुलाला हळूच म्हणाल्या, "काय रे, ते पाखरू..."

"आई, तू काही बघितलं नाहीस."

"मी? मला मेलीला कुठं नीट दिसतं!" सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या हौसेनं सुनेबरोबर गाडीत बसू लागल्या. वळण आलं, की खिडकीची काच खाली करायची आणि आख्खा हात बाहेर काढून वळणाच्या दिशेला ताठ धरायचा.

"आई, हात आत घ्या ना. लागेल कुठंतरी."

"अगं, वारा किती छान येतोय."

"हातानं कसला वारा घेता?"

"माझ्या बोटांना बरं वाटतं."

सासूबाई नसल्या, की रस्त्यावर रोज नवा तमाशा. मागून कर्कश्श ब्रेक, हॉर्न, शिव्या. एक मोटारसायकलवाला बाजूला येऊन ओरडला, "बाई, एकदा काय ते ठरवा!" दिवेबाईंनी काच खाली करून त्याला ऐकवलं, "सिग्नल दिला होता! डोळे उघडे ठेवून चालवत जा!" लोकांना हल्ली सिग्नलची किंमतच राहिलेली नाही, असं त्यांचं ठाम मत झालं. एकदा चौकातल्या ट्रॅफिक पोलिसानं थांबवलं. तो पुढे आला, मागे गेला, पुन्हा पुढे आला.

"मॅडम, हा सिग्नल..."

"मी केलाय!" दिवेबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही दिवे एकदम लावून दाखवले. "आता बघा."

पोलिसानं मागे जाऊन बघितलं. पाखरं चोचीसमोर चोच धरून लुकलुकत होती. त्यानं पुन्हा त्या बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. "छान आहे," तो म्हणाला, आणि त्यानं बाकीची सगळी वाहतूक थांबवून त्यांना आधी जाऊ दिलं.

कारखान्यातही वेगळं काही चाललेलं नव्हतं. पांढरी गाडी चाचणीसाठी चालवणारा जो ड्रायव्हर होता, त्याला सगळे चाचणीवाला म्हणत. त्याच्या मागून येणाऱ्या लोकांनी त्याला इतक्या वेळा आई-बापावरून ऐकवलं, की एक दिवस त्यानं उतरून स्वतः बघितलं आणि काय ते ओळखलं. पण दिवेबाईंनी त्याच्या मुलीच्या शाळेच्या नाटकासाठी खऱ्या उजेडाचा मुकुट करून दिला होता. त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? त्यानं आपल्यापुरता तोडगा काढला. डावीकडे वळायचं असलं की उजवा सिग्नल द्यायचा, उजवीकडे वळायचं असलं की डावा. मग पाखरू बरोबर दिशेला बघायचं. काही दिवसांत हाताला अशी सवय झाली, की तो घरच्या स्कूटरवरही उलटाच सिग्नल देऊ लागला.

आणि मोठ्या मॅडम यायच्या आदल्या दिवशी वायरमननं गाडीची शेवटची तपासणी करताना दिवे एकेक करून लावले. तो बराच वेळ गाडीमागे उकिडवा बसून राहिला. मग त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न कळता, दोन्ही दिव्यांच्या वायरी अदलाबदल करून टाकल्या. आता सिग्नलची दांडी डावीकडे केली की उजवं पाखरू लागणार आणि डावीकडे बघणार. ताईंची लाज राखली, या समाधानात त्यानं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

चाचणीवाल्याला वायरीचं माहीत नव्हतं. वायरमनला चाचणीवाल्याच्या हाताचं माहीत नव्हतं. दोघांनी आपापल्या जागी चूक सुधारली होती, आणि दोन सुधारणा मिळून ती पुन्हा जशीच्या तशी उभी राहिली होती.

मोठ्या मॅडमचा दिवस उजाडला. लख्ख ऊन पडलं होतं. मॅडम उंच, कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या की समोरच्याला उभं राहावंसं वाटेल अशा होत्या. अंधाऱ्या खोलीत त्यांनी दिवे पाहिले, साहेबांचं 'भेट' वगैरे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खोलीत बरे दिसतात. आता रस्त्यावर."

ठरलं असं: पुढे पांढरी गाडी, तिच्यात चाचणीवाला, शेजारी दिवेबाई, मागे हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन वायरमन. तिच्या मागे मॅडमची लांबलचक काळी गाडी. तिच्यात मॅडम, दिवा समजावून सांगायला साहेब, आणि मॅडमचा शोफर. शोफर म्हणजे पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या टोपीतला एक भारदस्त म्हातारा. अशी ही वरात चाचणीच्या मैदानावर जायची होती. रस्ता सरळ, मग एकच डावं वळण.

कारखान्याच्या फाटकातून पांढरी गाडी बाहेर पडली, आणि आरशात बघताच दिवेबाई दचकल्या. त्यांच्या गाडीच्या नि काळ्या गाडीच्या मध्ये तिसरीच एक गाडी घुसली होती. तिच्या टपावर भली मोठी पाटी होती: 'शिकाऊ'.

"अहो! हे कुठे निघाले?"

मास्तर तोंड घट्ट मिटून चालवत होते. बायकोच्या पाखरानं काहीही सांगितलं, तरी मागच्या गाडीला आपला सिग्नल खरा दिसावा, एवढाच त्यांचा बेत होता. शेजारी सासूबाई. वळण अजून लांब होतं, तरी त्यांची काच खाली होती आणि बाही वर.

काळ्या गाडीत साहेब अस्वस्थ झाले. "ही शिकवणीची गाडी कुठून कडमडली मध्ये? ओ, जरा बाजूनं घ्या, मॅडमना दिवा दिसला पाहिजे!" शोफरनं गाडी किंचित बाहेर काढली. साहेबांनी काच खाली केली, मुंडकं बाहेर काढलं, आणि नेमकं तेव्हाच वळण आलं.

चाचणीवाल्यानं सवयीनं दांडी उजवीकडे केली. वायरमनच्या वायरींनी उजेड डावीकडे नेला. डावं पाखरू लागलं, आणि इमानदारीनं उजवीकडे बघू लागलं.

"बघा, बघा मॅडम!" साहेब खिडकीतून ओरडले. "कसं बोलावतंय बघा!"

आता शोफरचा विचार करा. समोर दोन गाड्या. पुढची नवी कोरी, तिच्यावर लखलखीत पाखरू उजवीकडे चोच रोखून बसलेलं. मधली शिकाऊ, तिचा सिग्नल डावीकडे, शिवाय खिडकीतून एका आजीबाईंचा हात डावीकडे. आयुष्यभर मोठ्या माणसांच्या गाड्या चालवलेला माणूस शिकाऊ गाडीचं कशाला ऐकेल? त्यानं पाखराचं ऐकलं. उजवीकडे एक उघडं फाटक होतं. काळी गाडी डौलात त्या फाटकात शिरली.

ते गाड्या धुण्याचं केंद्र होतं. सकाळपासून गिऱ्हाईक नव्हतं. एवढी मोठी गाडी आपणहून आत आलेली बघून नळ्या घेऊन उभ्या असलेल्या दोघांना केवढा हुरूप आला! त्यांनी काही विचारलं नाही. कळ दाबली, आणि दोन्ही बाजूंनी फेसाचा डोंगर कोसळला. साहेबांची काच खालीच होती.

पांढरी गाडी आणि शिकाऊ गाडी उलटं वळून तिथे पोचेपर्यंत काळी गाडी पांढरीशुभ्र झाली होती. फेसातून आधी मॅडम बाहेर आल्या. साडीच्या काठाला थोडा फेस लागला होता, बाकी त्या होत्या तशाच होत्या. मग साहेब आले. त्यांच्या डोक्यावर फेसाचा बुचडा बसला होता आणि तो त्यांना शोभत होता. शेवटी शोफर. मिशा आधीच पांढऱ्या असल्यामुळे फेस कुठे संपतो ते कळत नव्हतं.

"मला इथे का आणलं?" मॅडमनी विचारलं.

दिवेबाई गाडीतून उतरल्या. त्यांना एकदम मोटारसायकलवाला आठवला. पोलीस आठवला. सासूबाईंच्या बोटांना लागणारा वारा आठवला. त्या चालत गाडीच्या मागे गेल्या आणि पहिल्यांदाच, भर उन्हात, आपल्या दिव्यासमोर उभ्या राहिल्या.

"डावा सिग्नल द्या," त्या चाचणीवाल्याला म्हणाल्या.

त्यानं दिला, त्याच्या पद्धतीनं. डावं पाखरू लागलं. उजवीकडे बघत लुकलुकू लागलं.

दिवेबाई बघत राहिल्या. मग त्यांना दिसलं, की आत चाचणीवाल्याच्या हाताखालची दांडी उजवीकडे झुकलेली आहे.

"दांडी उजवीकडे का?"

"ती... माझी पद्धत आहे ताई."

"सरळ द्या. डावा म्हणजे डावा."

त्यानं दांडी डावीकडे केली. उजवं पाखरू लागलं.

"हे कसं झालं?" दिवेबाईंचा आवाज चढला.

वायरमननं पिशवी छातीशी धरली. "वायरी मी बदलल्या, ताई. काल."

"तू?" चाचणीवाला गाडीतून ओरडला. "अरे शहाण्या, मी आधीच उलटा देत होतो ना! मला सांगायचंस!"

"तू मला सांगायचंस!"

"पण का?" दिवेबाईंनी विचारलं. "तुम्ही उलटा का देत होता? तुम्ही वायरी का बदलल्या? आणि अहो, तुम्ही मध्ये का घुसलात?"

चाचणीवाल्यानं स्टीअरिंगकडे बघितलं. वायरमननं आभाळाकडे बघितलं. मास्तरांनी बुटांकडे बघितलं. ते चकचकीत होते. शिकाऊ गाडीत सासूबाईंचा हात अजून बाहेर होता, फक्त आता तो कुठल्याच दिशेला नव्हता.

दिवेबाईंना रडू आलं असतं. तशी वेळच होती. पण त्या दोन दिव्यांकडे बघता बघता त्यांचं डोकं कामाला लागलं, आणि डोकं कामाला लागलं की त्यांना दुसरं काही करायला जमत नसे. दोन्ही तबकड्या गोल. दोन्ही एका मापाच्या.

"स्क्रूड्रायव्हर काढा," त्या वायरमनला म्हणाल्या. "दोन्ही दिवे सोडवा. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे."

"आणि माझ्या वायरी?"

"होत्या तशा परत."

"आणि माझा हात?" चाचणीवाल्यानं विचारलं.

"तोही परत."

स्क्रू निघाले, तबकड्या निघाल्या, जागा बदलून बसल्या. धुणारे दोघंही नळ्या टाकून बघायला आले. दिवेबाईंनी स्वतः दोन्ही दिवे एकदम लावले. आता पाखरांच्या पाठी एकमेकांकडे होत्या आणि चोची बाहेर. एक डावीकडे बघत होतं, एक उजवीकडे.

साहेबांनी कपाळावरचा फेस पुसला. "अहो, पण भेट कुठे गेली? ही तर भांडलेली पाखरं वाटतात!"

"भांडलेली कशाला?" शिकाऊ गाडीतून सासूबाईंचा आवाज आला. "कामाला निघालीत. एक इकडे, एक तिकडे. संध्याकाळी भेटतील. घरोघरी असंच असतं."

साहेबांना यावर बोलण्यासारखा अनुभव नव्हता.

"चला," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा तिथूनच."

पुन्हा तोच रस्ता. मध्ये शिकाऊ गाडी नको, असं मॅडमनीच सांगितलं, त्यामुळे मास्तर सगळ्यांच्या मागे. वळण आलं. चाचणीवाल्यानं दांडीला हात घातला, थबकला, ओठ हलवत काहीतरी पुटपुटला आणि दांडी डावीकडे केली. वायरमननं डोळे मिटून घेतले. दिवेबाईंनी आरशात बघितलं. आरशात आपला सिग्नल दिसत नाही. मागच्याचा चेहरा मात्र दिसतो. फेसाळलेला शोफर पाखराकडे बघत होता. मग त्यानं आपली लांबलचक गाडी, जराही न अडखळता, डावीकडे वळवली. मागून एक उगाचच चाललेली बुलेट होती. तीही डावीकडे वळली. तिच्या मागचा टेम्पोसुद्धा. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी आई-बापांची आठवण काढली नाही. दिवेबाईंना वाटलं, काच खाली करून सगळ्या रस्त्याला ओरडून सांगावं, 'तो बघा, माझा दिवा!'

मैदानावर गाड्या थांबल्या. मॅडम उतरल्या, पांढऱ्या गाडीला एक फेरी मारली, दोन्ही दिवे एकेक करून लावायला लावले, डोळ्यांवर हात धरून उन्हात बघितले. तोंडावरची रेषा हलली नाही. साहेब एकदा एका पायावर, एकदा दुसऱ्या पायावर उभे राहत होते.

"मला एक सांगा," मॅडम म्हणाल्या. "मघाशी मी गाडी धुवायला का गेले?"

"ऊन, मॅडम," साहेब लगेच म्हणाले. "ऊन फार तिरपं होतं."

"काचेवर धूळ होती," चाचणीवाला म्हणाला.

"त्या फाटकाचा रंगच तसा आहे," वायरमन म्हणाला. म्हणजे कसा, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"मी मध्ये आलो," मास्तर मागून म्हणाले. "चूक माझी. मी शिकाऊ आहे." वीस वर्षं दुसऱ्यांना गाडी शिकवणाऱ्या माणसानं हे टपावरच्या पाटीखाली उभं राहून, छाती पुढे काढून सांगितलं.

मॅडमनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग त्या वळल्या. "म्हणजे दिव्यात काही नव्हतं. मग तुम्हालाच दिसलं नाही का?" हे शोफरला होतं. "वय झालं असेल तर तसं सांगा. उद्यापासून दुसरा बघते."

"चालायचंच, मॅडम. वयाचं कुणाला चुकतं?" साहेब सुटकेच्या सुरात म्हणाले.

शोफरनं टोपी काढून हातात घेतली. टोपीत अजून फेस होता. मोठ्या माणसांच्या गाड्या चालवताना बोलायचं नसतं, हे तो फार पूर्वी शिकला होता. पण त्यानं पांढऱ्या गाडीच्या दिव्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही. आपण ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याच्याकडे बघतात तसं.

दिवेबाईंना दिसलं ते. आपल्यासाठी इतकी सगळी माणसं गप्प राहिली होती, खोटं बोलत होती, उलटे सिग्नल देत होती, खिडकीतून हात काढून वारा खात होती. सगळं प्रेमापोटी. आणि त्या प्रेमापायी या म्हाताऱ्याची टोपी उतरली होती. आता फक्त आपणही गप्प राहायचं, की दिवा आपला. नाहीतर पुन्हा डिकी.

त्या पुढे झाल्या.

"यांचं वय झालेलं नाही, मॅडम. यांनी सिग्नल बघितला आणि सिग्नल सांगेल तिकडे गेले. आमच्यात तसे वागणारे हे एकटेच." त्यांनी दिव्याकडे बोट केलं. "माझं पाखरू उलटं बघत होतं. पहिल्या दिवसापासून. तुम्ही डावीकडे जायचं, तर ते उजवीकडे बघायचं. अंधारात जोडीनं बघितलं म्हणून मला दिसलं नाही, आणि ज्यांना दिसलं त्यांना माझ्याकडे बघून सांगवलं नाही. चूक माझी आहे. उलटं होतं ते!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मास्तर बायकोकडे अशा नजरेनं बघत राहिले, की त्यांची छाती आता न काढताच पुढे आली.

मॅडमनी पुन्हा दिव्याकडे बघितलं. "आता?"

"आता सरळ."

"मग हाच लावा माझ्या गाडीला. पाठीला पाठ." त्या शोफरकडे वळल्या. "टोपी घाला. आपण निघू. आणि साहेब, यापुढे मला दिवे दाखवायचे ते उन्हात. एकेक करून."

"हो हो," साहेब म्हणाले. "जोडी फोडूनच."

मागे शिकाऊ गाडीत सासूबाई सगळं कान देऊन ऐकत होत्या. तेव्हा कुठे त्यांनी खिडकीबाहेरचा हात आत घेतला, आणि काच वर केली.